सातबाऱ्यावर नाव कोणी चढवले?

प्रश्न : माझे माहेर अलिबाग तालुक्यात, सासर श्रीरामपूरकडचे. वडील गेल्यावर वारसनोंदीच्या निमित्ताने माहेरचा सातबारा पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’ असा शेरा आहे. आजी सांगायची, ही जमीन नारायण नागू पाटलांमुळे मिळाली. तलाठी म्हणतात, कोणा पुढाऱ्यामुळे नाही, कायद्यामुळे मिळाली. सासरी तर उलटाच प्रकार. आमच्या आजेसासऱ्यांच्या मालकीची जमीन साखर कारखान्याला खंडाने दिलेली होती, ती सरकारच्या शेती महामंडळात गेली आणि परत मिळायला दोन पिढ्या गेल्या. एकाच राज्यात असे कसे घडले? आणि जमिनीच्या बाबतीत पुढाऱ्यामुळे खरोखर किती फरक पडतो?
— एक वाचक, जि. नगर

उत्तर : आधी त्या शेऱ्याचा अर्थ पाहू. तुमचे आजोबा किंवा पणजोबा त्या जमिनीचे कूळ होते आणि मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ खाली त्यांनी ती विकत घेतली, एवढे त्यावरून नक्की होते. ती कोणी बक्षीस दिलेली नाही. न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत त्यांनी भरली, तेव्हा ती त्यांच्या नावावर झाली. तलाठी सांगतात ते या अर्थाने खरे आहे. पण हाच कायदा चांद्यापासून बांद्यापर्यंत सोडा, एकाच तालुक्यातल्या दोन गावांतही सारखा उतरला नाही. कुठे कुळे मालक झाली, कुठे त्याच कायद्याच्या धाकाने मालकांनी कुळांना आधीच जमिनीवरून उठवले. हा फरक कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. तो शोधायला तुमच्या आजीने सांगितलेल्या नावापाशीच जावे लागते.

तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. खोत हा मुळात गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मध्यस्थ. पण पिढ्यान्‌पिढ्या वसुली हातात राहिल्यामुळे तो गावचा धनीच होऊन बसला. पीक निघाले की भाताचा मोठा वाटा खंड म्हणून त्याच्या खळ्यावर जायचा. वर निरनिराळ्या नावांनी उकळलेल्या बाबी आणि घरची वेठ. कागदावर कूळ कुठेच पक्के नव्हते, त्यामुळे खोताने ‘ऊठ’ म्हटले की उठायचे. अलिबाग-पेणकडच्या खारजमिनीत हा अन्याय जास्त बोचणारा होता. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, फुटले की उधाणाच्या रात्री चिखलात उतरून ते बुजवायचे, मिठाने मारलेली जमीन वर्षानुवर्षे धुऊन भाताला आणायची. एवढे सगळे कुळाने करायचे आणि जमीन मात्र खोताची.

नारायण नागू पाटलांनी या कुळांना एकत्र केले आणि २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात संपाची घोषणा झाली. गिरणीतला संप सगळ्यांना ठाऊक होता. शेतीचा संप म्हणजे जमीन कसायचीच नाही. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या शेतकऱ्यांनी शेत पडीक ठेवले. आपल्याला दोन वेळ जेवायला घालणारी जमीन आपणच नांगरायची नाही, हा निर्णय काय ताकदीचा होता, याची कल्पना करून पाहा. लोकांनी डोंगरातून लाकूड तोडून अलिबागच्या बाजारात विकले, मिळेल ती मजुरी केली, मुलाबाळांसह हाल काढले. डिसेंबर १९३४ मध्ये चरीतल्या शेतकऱ्यांच्या सभेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. कुलाब्यातला आगरी शेतकरी आणि कोकणातला महार शेतकरी या दोघांच्याही मानेवरचे जू एकच आहे, हे त्या सभेने उघड केले. ‘कृषीवल’ हे पत्र नारायण नागू पाटलांनी काढले ते याच झगड्याच्या काळात, १९३७ मध्ये.

संप सुमारे सहा वर्षे चालला. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप देशात दुसरा झालेला नाही, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले, वाटाघाटी झाल्या आणि लोक पुन्हा शेतात उतरले.

संप चालू होता तेव्हाच मुंबईच्या विधिमंडळातही हा प्रश्न पोहोचला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई द्यावी आणि जमीन कसणाऱ्याला कायम हक्काने द्यावी, असा त्याचा गाभा. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी बोटींनी आणि पायी मुंबईत आले आणि त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. पण १९३९ मध्ये सरकारला कूळ कायदा करावा लागला आणि ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा त्यात पहिल्यांदा आला. सहा वर्षे सलग जमीन कसलेल्या कुळाला मनाला येईल तेव्हा काढता येणार नाही, अशी तरतूद झाली. तीही आधी मोजक्या जिल्ह्यांपुरती. साऱ्या प्रांताला ती लागू व्हायला १९४६ उजाडले. पुढे १९४८ चा मोठा कायदा झाला, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा झाला आणि १९५६ ची दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीमागे महसूलमंत्री भाऊसाहेब हिरे यांचे नाव नाशिककडचे लोक आजही आदराने घेतात. दुरुस्तीने ठरवले की १ एप्रिल १९५७ या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल, त्याने ती विकत घेतली असे मानले जाईल. हाच कृषक दिन.

आता तुमच्या प्रश्नाच्या मर्मापाशी आलो. ‘मानले जाईल’ असे कायदा म्हणाला, म्हणून ते झाले असे नाही. मालकी पक्की व्हायला शेतजमीन न्यायाधिकरणासमोर चौकशी व्हायची. ही कलम ३२ ग ची चौकशी. कुळाला नोटीस निघायची. त्याने ठरल्या तारखेला तालुक्याला जाऊन ‘मी ही जमीन घ्यायला तयार आहे’ असे सांगायचे. तो गेलाच नाही, किंवा ‘मला नको’ म्हणाला, तर खरेदी निष्फळ ठरायची. हजर राहिला तर किंमत ठरायची, साधारणपणे आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट. ती हप्त्यांनी भरायची सवलत होती, पण हप्ते थकले तर पुन्हा जमीन हातची जायची. सगळे हप्ते भरून झाले की ३२ म चे प्रमाणपत्र. या वाटेवर प्रत्येक वळणावर कूळ गळण्याची सोय होती. आणि गळवायला मालक टपलेला होता. ज्याच्याकडून अडीनडीला धान्य उसने आणायचे, ज्याच्या घरातून मुलीच्या लग्नाला कर्ज काढायचे, त्याच्याच विरुद्ध सरकारी कचेरीत उभे राहायचे, ही गोष्ट एकट्या माणसाच्या आवाक्यातली नव्हती.

त्याच्याही आधी एक अडथळा होता. मुळात सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागलेले हवे. पीकपाहणीत ‘खुद्द’ लिहिले असेल, तर मालक स्वतः कसतो असाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात नांगर कोणाचा फिरतो हे सारा गाव पाहत असायचा, पण दप्तरात खुद्दच. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने १९४८ च्या कायद्याची अंमलबजावणी तपासली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने हे चित्र समोर आणले : कायद्याचे संरक्षण असूनही मालकांनी जमिनी परत घेतल्या होत्या आणि कुळांनी ‘राजीखुशीने’ सोडल्याची कागदपत्रे झाली होती. शेतावाचून दुसरा आधार नसलेला माणूस राजीखुशीने शेत सोडतो, यावर कोणाचा विश्वास बसेल?

म्हणून तुमच्या आजीचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. चरीच्या टापूत १९५७ उजाडायच्या आधी वीस-पंचवीस वर्षे लोक सभेला जमत होते, पावती मागत होते, साहेबापुढे बोलत होते. मालकाला नाही म्हणण्याची सवय त्यांना झाली होती. न्यायाधिकरणाची नोटीस आली तेव्हा ती वाचून दाखवणारा, तारखेला सोबत जाणारा कार्यकर्ता गावात तयार होता. पुढाऱ्याचे काम मी यालाच म्हणेन. विधिमंडळातले भाषण त्याला पूरक.

हेच डहाणू-तलासरीकडे दिसते. १९३७ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे रत्नागिरीतून निवडून आलेले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि त्यांच्या पत्नी गोदावरी परुळेकर यांच्यासह वारल्यांमध्ये राहून काम करू लागले. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायचे, ही लग्नगड्याची चाल मोडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, तरी लोक हटले नाहीत. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या पुस्तकात गोदावरीबाईंनी ही हकीकत लिहिली आहे. जमीन नावावर होण्याच्या कितीतरी आधी तिथे माणूस मोकळा झाला. मात्र कृषक दिनानंतरही आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जातच राहिल्या, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यामागेही ठाणे जिल्ह्यातल्या भूमिसेनेसारख्या संघटनांचा रेटा होता.

मराठवाडा आणि विदर्भ यांचे कायदे वेगळे होते, हेही लक्षात ठेवा. मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कायदा, तोही तेलंगणातल्या सशस्त्र लढ्याच्या छायेत झालेला. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कायदा. त्यामुळे तुमच्या ओळखीतल्या लातूरच्या किंवा अमरावतीच्या कुटुंबाची हकीकत तुमच्याशी जुळली नाही तर नवल नको.

आता सासरकडे वळू. तिथली गुंतागुंत मोठी आहे आणि तिच्यात पुढाऱ्यांचा वाटाही वेगळ्या जातीचा आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी पाटांनी नगर जिल्ह्याच्या कोरड्या माळावर आले. पाण्याबरोबर खाजगी साखर कारखाने आले. त्यांना सलग मोठे ऊसक्षेत्र हवे होते. दुष्काळाने आणि सावकाराने पिचलेल्या शेतकऱ्यांकडून त्यांनी दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी घेतल्या. म्हणजे इथे मालक होता छोटा शेतकरी आणि कूळ होती बडी कंपनी. १९४८ च्या कायद्यातले कूळ डोळ्यांसमोर येते ते फाटक्या धोतरातले. इथे ते ट्रॅक्टर फिरवणारे होते. म्हणून कायद्याने उद्योगांना आणि उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनी कृषक दिनाच्या मालकीतून वगळल्या. तसे केले नसते तर १ एप्रिल १९५७ ला कंपन्याच तुमच्या आजेसासऱ्यांच्या जमिनीच्या मालक झाल्या असत्या.

पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणेचा कायदा केला. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, कोरडवाहूला त्या वेळी जास्तीत जास्त १२६ एकर अशी मर्यादा घातली (कोरडवाहूची मर्यादा १९७५ मध्ये ५४ एकरांवर आली). अनेक राज्यांनी साखर कारखान्यांच्या जमिनी अशा कायद्यातून वगळल्या होत्या. महाराष्ट्राने वगळल्या नाहीत. हे धाडस कुठून आले? याचे उत्तर लोणीत आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून सोबत घेतला आणि १९५० च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकरी स्वतः कारखाना चालवू शकतो हे दिसले. मग वसंतदादा पाटलांनी सांगलीत, रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगेकाठी, तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेकाठी तेच केले. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाला खाजगी साखरसम्राटांच्या जमिनींना हात घालता आला, कारण तोवर ग्रामीण महाराष्ट्रात त्यांच्यापेक्षा बळकट असा ऊस उत्पादकांचा वर्ग उभा राहिला होता आणि तो सत्ताधारी पक्षाचा कणा होता.

पण जमीन सरकारकडे आली तेव्हा ती मूळ खंडकरी शेतकऱ्याकडे गेली नाही. लहान तुकडे झाले तर उसाचे उत्पादन घटेल, या युक्तिवादाने १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ काढून सगळे मळे त्याच्याकडे दिले गेले. कायद्याच्या नजरेत जमीन ताब्यात असलेली कंपनी हीच धारक होती. मालक कोण, हा प्रश्नच मागे पडला. खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, न्यायालयात खेटे घातले. प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला या शतकाचे दुसरे दशक उजाडले. हा सहकाराच्या पुढाऱ्यांवरचा मोठा डाग आहे असे मला मनापासून वाटते. जिल्ह्यात त्यांचा शब्द चालत होता, मंत्रालयात चालत होता. हा प्रश्न पन्नास वर्षे कुजत पडण्याचे काही कारण नव्हते. पण खंडकरी शेतकरी विखुरलेला होता आणि कारखान्याच्या मतदारयादीत वजन होते ते उभ्या उसाला.

विकासाच्या बाबतीत मात्र या पुढाऱ्यांचे देणे अमान्य करता येत नाही. कारखान्याभोवती शाळा, दवाखाने, दूधसंघ, उपसा सिंचन, पुढे इंजिनिअरिंग कॉलेजेही आली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमदार-खासदारांना त्यांच्या सभासदत्वापासून दूर ठेवल्यामुळे गावातल्या तरुणांना कारभार शिकण्याची स्वतंत्र जागा मिळाली. पुढचे किती मंत्री पंचायत समितीच्या सभापतिपदावरून वर आले, ते पाहा. पण हे सगळे ज्याच्याकडे जमीन आणि पाणी होते त्याच्याभोवती फिरले. जो ऊस लावतो तो कारखान्याचा सभासद. जो बीडहून उचल घेऊन, कोयता घेऊन येतो आणि थंडीत पाचटाच्या कोपीत राहतो, तो कोणीच नाही.

ज्याच्याकडे कसायलाही जमीन नव्हती त्याचे काय, हा प्रश्न विचारणारा नेता दादासाहेब गायकवाड. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले आंबेडकरांचे जवळचे सहकारी, १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेलेले. कूळ कायदा कुळाला मिळाला. पण गावाच्या शिवेवर राहणारा दलित मजूर बहुधा कूळही नव्हता. पडीक सरकारी जमिनी, गायरान, वनखात्याची ओसाड रानं भूमिहीनांना कसायला द्या, अशी मागणी घेऊन १९५९ मध्ये नाशिक, खानदेश, नगर आणि मराठवाड्यात सत्याग्रह झाला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर नेला गेला. तुरुंग भरले. त्यात दलितांबरोबर आदिवासी आणि इतर जातींचे भूमिहीनही होते. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले होते. त्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्येच विधेयक आणले होते, हे आठवले की मध्ये गेलेली तीस वर्षे टोचतात. गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे आदेश सरकारने पुढे काढले आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची कसणूक त्यासाठी धरली. ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची आहे. मराठवाड्यात आजही एखादे कुटुंब वहिवाटीचा पुरावा म्हणून जुन्या दंडाची पावती जपून ठेवते. ज्या दंडाने त्याला गुन्हेगार ठरवले, तोच त्याचा कसणुकीचा पुरावा.

आणखी एका माणसाचे नाव घेतले नाही तर उत्तर अपुरे राहील. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मजुराने काम मागितले तर सरकारने ते दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर भागात आधी करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तीच रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर हा तिचा पैसा. देशाने असा कायदा केला तो २००५ मध्ये. हमीच्या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. नवऱ्याच्या हातात न जाता पगाराचे पैसे पहिल्यांदा आपल्या हातात आले, असे सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या खेड्यांत भेटतील. तरीही यात एक खोच राहिली. पाझर तलाव मजुराने खोदला, पाणी मात्र ज्याची विहीर त्याला मिळाले. जमिनीचा प्रश्न अर्धा सोडून मजुरीचा सोडवला की असे होते.

गोव्यात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. तिथे संघर्ष करणारा नेता सत्तेबाहेर नव्हता. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष डिसेंबर १९६३ ची पहिलीच निवडणूक जिंकून सरकारात बसला, तोही भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसणाऱ्या बहुजन समाजाच्या मतांवर. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ मध्ये, आणि कुळाला मालकी देण्यासाठी १९७६ मध्ये शशिकला काकोडकरांच्या काळात कायदे झाले. सत्ता होती, कायदा होता, लोकांचे प्रेम होते. पण जाहीर झाले म्हणजे मिळाले असे समजून असंख्य कुळांनी खरेदीची प्रक्रिया पुरीच केली नाही, आणि सनद हातात नसल्याने त्यांची नातवंडे आज मामलेदार कचेरीत हेलपाटे घालत आहेत. गावोगाव कागद तपासत फिरणारी फळी तिथे अपुरी पडली, असे मला वाटते.

शेवटची गोष्ट तुमच्या वारसनोंदीशी जोडलेली आहे. माहेरचा जुना फेरफार काढून बघा. त्यावर आजोबांचे नाव असेल, कदाचित पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असे लिहिलेले असेल. आजीचे नाव नसेल. सहा वर्षांच्या संपात डोक्यावर मोळी घेऊन अलिबागचा बाजार गाठणारी बाई, चिखलात आवण लावणारी बाई, हिचे नाव कोणत्याच पक्षाच्या पुढाऱ्याला सातबाऱ्यावर चढवावेसे वाटले नाही. ही उणीव ठळकपणे मांडली शरद जोशींनी. शेतकरी संघटनेच्या १९८९ च्या अमरावती मेळाव्यात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढे आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरे हे करतील त्या गावात जोशी स्वतः जात. इथली राजीखुशी खरी होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांनी ते करून दाखवले. कोणताही कायदा हाताशी नसताना, केवळ पुढाऱ्याच्या शब्दावर, नवऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन बायकांची नावे लावली. सरकारचा त्यासंबंधीचा निर्णय नंतर आला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला.

तुमच्या हातात आज हा हक्क आहे, म्हणून दोन कामे सांगून थांबतो. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून ३२ ग चा निकाल, ३२ म चे प्रमाणपत्र आणि त्यावरून झालेला फेरफार यांच्या नकला काढून ठेवा. कलम ४३ चा शेरा म्हणजे ही जमीन विकायला निर्बंध आहेत, हे ध्यानात असू द्या. खरेदीला दहा वर्षे उलटून गेली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून, ठरलेल्या अटींवर हा निर्बंध सैल करण्याची सोय २०१४ पासून आहे. तुमच्या भागातले जमिनीचे भाव पाहता ती सुचवणारे पुष्कळ भेटतील, घाई करू नका. आणि वारसनोंद होताना भावांच्या नावांबरोबर तुमचे नाव लागले आहे ना, हे स्वतः उतारा काढून पाहा. हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला तर तो वाचल्याशिवाय, आणि मनात नसेल तर मुळीच, सही करू नका.